सहा सिलिंडर, दोन त्रिकुटे : कार्बोरेटर जुळवण्याच्या कलेचा इतिहास

एका घरात एक चूल पुरते, मग एका इंजिनाला दोन किंवा तीन कार्बोरेटर कशाला लागतात? जुन्या जॅग्वार किंवा डॅटसन मोटारीचे बॉनेट उघडलेले चित्र पाहिले की हा प्रश्न चौकस विद्यार्थ्याला पडतोच. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो. कार्बोरेटर दोन असतील, तर ते दोघे एकाच मापाने पेट्रोल देतात हे कसे कळायचे? या दुसऱ्या प्रश्नाने जगभरच्या मेकॅनिकांना साठ-सत्तर वर्षे कामाला लावले. त्याच्या उत्तरात भौतिकशास्त्र आहे, रसायनशास्त्र आहे आणि सरासरी या गणिती कल्पनेचा एक मोठा धडाही आहे. वर्गात शिकवण्यासारखे त्यात बरेच काही आहे, म्हणून या लेखात आपण ही गोष्ट मुळापासून पाहणार आहोत.

कार्बोरेटर आला कसा

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. जळते ती त्याची वाफ, आणि तीही हवेत योग्य प्रमाणात मिसळलेली असेल तरच. एक ग्रॅम पेट्रोल पुरते जाळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा यापेक्षा कमी असेल तर त्या मिश्रणाला मेकॅनिक ‘रिच’ म्हणतात आणि जास्त असेल तर ‘लीन’. आपण त्यांना गडद आणि फिके मिश्रण म्हणू.

कार्ल बेंझच्या १८८६ च्या मोटारीत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून नेली जाई आणि जाता जाता वाफ उचलून घेई. हे मिश्रण उन्हाळ्यात एक तर हिवाळ्यात दुसरेच होई. १८९३ मध्ये जर्मनीत विल्हेल्म मायबाख याने, आणि त्याच वर्षी हंगेरीत डोनाट बांकी व यानोश चोंका यांनी, फवारा उडवणारा कार्बोरेटर पुढे आणला. अत्तराच्या फवारणीच्या बाटलीसारखीच ही युक्ती आहे. नळी अरुंद झाली की तिच्यातून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. त्या उतरलेल्या दाबामुळे तोटीतून पेट्रोल वर ओढले जाते व त्याचे बारीक तुषार होतात. दहावी-बारावीत शिकवले जाणारे बर्नुलीचे तत्त्व ते हेच.

यात एक अडचण होती. नळीची रुंदी कायम असली तर इंजिन हळू चालताना हवेचा वेग फार कमी पडतो आणि जोरात चालताना नळी अपुरी पडते. इंग्लंडमध्ये जॉर्ज हर्बर्ट स्किनर याने १९०५ च्या सुमारास यावर सुंदर तोडगा काढला. स्किनर घराण्याचा धंदा पादत्राणांचा होता, आणि त्याच्या पहिल्या कार्बोरेटरात चामड्याचा भाता होता! इंजिन जास्त हवा मागू लागले की हा भाता वर उचलला जाई आणि वाट रुंद होई. भात्याबरोबर एक निमुळती सुईही वर जाई आणि पेट्रोलची तोटी तेवढीच मोकळी होई. पुढे चामड्याच्या जागी धातूचा दट्ट्या आला. हवेचा वेग आणि तोटीवरचे शोषण जवळजवळ स्थिर ठेवणारा हा कार्बोरेटर ‘स्किनर्स युनियन’ या नावावरून ‘एसयू’ म्हणून ओळखला जाऊ लागला. कंपनी १९१० मध्ये निघाली आणि १९२६ मध्ये ती मॉरिस मोटारींच्या मालकाने विकत घेतली. त्यानंतर इंग्रजी मोटारींत एसयू घरोघरी पोचला.

सरळ-सहा इंजिन : आरशातली दोन त्रिकुटे

आता इंजिनाकडे वळू. सहा सिलिंडर एका ओळीत असलेल्या इंजिनाची कीर्ती त्याच्या संथ, निष्कंप चालीमुळे झाली. इंग्लंडच्या नेपियर कंपनीने १९०३ मध्ये असे इंजिन जाहीर केले. पाठोपाठ १९०६ मध्ये रोल्स-रॉईसचे ४०/५० हे इंजिन आले. ‘सिल्व्हर घोस्ट’ या नावाने प्रसिद्ध झालेली मोटार याच इंजिनावर चालत असे. हे इंजिन एका ठोकळ्यात ओतलेले नव्हते. तीन-तीन सिलिंडरांचे दोन ठोकळे एका क्रँकशाफ्टवर एकामागे एक बसवलेले होते. कार्बोरेटर मात्र एकच होता. या जातीच्या एका मोटारीचा आपल्या भागाशी संबंध आहे. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाच्या गाडीने १९०८ मध्ये मुंबई ते कोल्हापूर अशा घाटांच्या वाटेवरची परीक्षा-शर्यत जिंकली, आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली.

सहा म्हणजे तीन अधिक तीन, ही रॉईसच्या ठोकळ्यांतली गोष्ट केवळ ओतकामाच्या सोयीची नव्हती. सरळ-सहा इंजिनाची रचनाच तशी असते. पहिला दट्ट्या वर असतो तेव्हा सहावाही वर असतो. दुसऱ्याबरोबर पाचवा चालतो आणि तिसऱ्याबरोबर चौथा. पुढचे त्रिकूट आणि मागचे त्रिकूट एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. तीन सिलिंडरांचे एकटे इंजिन पुढे-मागे डुलते. दोन त्रिकुटे आरशासारखी जोडली की एकाचा डोल दुसऱ्याने खोडला जातो.

आता ठिणगीचा क्रम पाहू. बहुतेक सरळ-सहा इंजिनांत तो १-५-३-६-२-४ असा असतो. चार फटक्यांचे एक चक्र क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, पुरे होते. त्याचे सहा समान भाग केले की दर १२० अंशांनी एका सिलिंडरची पाळी येते. पहिल्याची ० अंशावर, पाचव्याची १२०, तिसऱ्याची २४०, सहाव्याची ३६०, दुसऱ्याची ४८० आणि चौथ्याची ६०० अंशांवर.

यातले १, २, ३ वेगळे काढून पाहा. त्यांच्या पाळ्या ०, २४० आणि ४८० अंशांवर येतात. ४, ५, ६ यांच्या पाळ्या १२०, ३६० आणि ६०० अंशांवर येतात. दोन्ही त्रिकुटांत अंतर नेमके २४० अंशांचे आहे! हवा आत घेणारी झडप सुमारे २४० ते २५० अंश उघडी असते. म्हणजे त्रिकुटातल्या एका सिलिंडरचा श्वास संपत येतो, तोच दुसऱ्याचा सुरू होतो. प्रत्येक त्रिकुटाला एक कार्बोरेटर दिला, तर त्याच्यातून हवेचा प्रवाह जवळजवळ अखंड वाहतो आणि शेजाऱ्याच्या तोंडचा घासही कोणी पळवत नाही.

चार सिलिंडरांच्या इंजिनात हे जमत नाही. तिथे क्रम १-३-४-२ असतो. १ व २ यांना एक कार्बोरेटर दिला, तर त्यांच्या पाळ्यांत आळीपाळीने १८० आणि ५४० अंशांचे अंतर पडते. दोन घोट पाठोपाठ आणि मग लांब विसावा. सरळ-सहाचे दोन समान त्रिकुटांत विभाजन होते, हे त्याचे खास भाग्य आहे.

कॉव्हेंट्रीचे इंजिन

हा गुण उत्तम रीतीने वापरणारे एक इंजिन म्हणजे जॅग्वारचे ‘एक्सके’. दुसऱ्या महायुद्धात कॉव्हेंट्री शहरावर बाँबवर्षाव होत असे. कारखान्यावर पडणाऱ्या आगी विझवण्यासाठी रात्रपाळीचा पहारा ठेवावा लागे. विल्यम लायन्स, विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली यांनी या पहाऱ्याच्या रात्रींत युद्धानंतरच्या इंजिनाचा विचार केला. हवेच्या प्रवाहाचा जाणकार हॅरी वेस्लेक याने सिलिंडरच्या माथ्याच्या रचनेत मदत केली. ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात एक्सके-१२० ही मोटार या इंजिनासह लोकांपुढे आली. इंजिन ३४४२ घनसेंटिमीटरचे आणि १६० अश्वशक्तीचे होते, आणि त्यावर एसयू कार्बोरेटर दोन होते.

दोन कशासाठी, हे एका हिशेबाने समजते. हे इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत असताना दर दोन फेऱ्यांत, सर्व सिलिंडर पुरते भरले असे धरून, ३.४४२ लिटर हवा ओढते. म्हणजे मिनिटाला २५०० × ३.४४२ = सुमारे ८६०० लिटर. शांत बसलेला माणूस मिनिटाला सहा-सात लिटर हवा घेतो, तेव्हा हा बाराशेहून अधिक माणसांचा श्वास झाला. तो एकाच तोंडातून न्यायचा, तर तोंड फार मोठे करावे लागते आणि मग मंद गतीला मिश्रण बिघडते. शिवाय मधोमध एकच कार्बोरेटर ठेवला की टोकाच्या सिलिंडरांकडची वाट लांब पडते. पेट्रोलचे थेंब वळणावर भिंतीला चिकटतात. टोकाच्यांना फिके, मधल्यांना गडद, अशी पंक्तिप्रपंचाची स्थिती येते. दोन कार्बोरेटरांनी ती बरीच सुधारते.

शर्यतीच्या मोटारींनी पुढचे पाऊल टाकले. १९५१ ची ले मान्सची २४ तासांची शर्यत जॅग्वारच्या सी-टाइपने दोन एसयूंवर जिंकली. १९५३ मध्ये ती पुन्हा जिंकली तेव्हा इंजिनावर इटलीच्या वेबर कंपनीचे तीन जोड-कार्बोरेटर होते, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र तोंड. त्या वर्षी विजेत्या गाडीचा सरासरी वेग ताशी १०० मैलांवर, म्हणजे सुमारे १७० किलोमीटरवर गेला. १९६१ च्या ई-टाइप या विक्रीच्या मोटारीत तीन एसयू आले. जपानमध्ये १९६९ साली आलेल्या डॅटसन २४०-झेडने मात्र पुन्हा दोघांचाच मार्ग धरला. तिच्या २३९३ घनसेंटिमीटरच्या सरळ-सहा इंजिनावर हिताची कंपनीचे, एसयूच्याच तत्त्वावरचे, दोन कार्बोरेटर होते.

दोघांना एक चालीवर आणणे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दोन कार्बोरेटरांत दोन गोष्टी जुळवाव्या लागतात : हवा आणि मिश्रण. आधी झडपांची फट, ठिणगीची वेळ आणि दाब तपासून घेतात, कारण तिथला दोष कार्बोरेटर फिरवून जात नाही. एका वेळी एकच चल बदलावे, हा प्रयोगशाळेचा नियम इथेही लागू आहे.

प्रथम दोन्ही थ्रॉटलना जोडणारा दांडा सैल करतात. आता दोन त्रिकुटांची दोन वेगळी इंजिने झाली असे समजायला हरकत नाही. रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरले की हवेचा फुसफुसाट ऐकू येतो. दोन्हींचा आवाज सारखा येईपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू फिरवतात. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखीच ही रीत आहे. हे जुळणे मंद गतीला सर्वांत महत्त्वाचे असते. त्या वेळी थ्रॉटलची फट केसाएवढी असते. एका बाजूची फट अर्ध्या केसाने जास्त असली तर हवेत दीडपटीचा फरक पडतो. थ्रॉटल पूर्ण उघडा असताना तेवढाच फरक जाणवतही नाही.

मग मिश्रण पाहतात. एसयूचा दट्ट्या पिनेने किंचित, सुमारे पाऊण मिलिमीटर, उचलायचा आणि इंजिनाचा आवाज ऐकायचा. वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर मिश्रण गडद. इंजिन अडखळले किंवा बंद पडू लागले तर फिके. वेग क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला तर योग्य. असे का, हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा. दट्ट्या उचलला की हवेची वाट रुंद होते, हवेचा वेग उतरतो आणि तोटीवरचे शोषण घटते. म्हणजे मिश्रण मुद्दाम थोडे फिके केले जाते. आधीच गडद असलेल्याला ते मानवते, आधीच फिके असलेल्याला सोसत नाही. उत्तर मिळाले की तोटीखालचा षट्कोनी नट एका वेळी एक बाजू, म्हणजे एक षष्ठांश फेरी, फिरवून पुन्हा तपासतात.

हे एका त्रिकुटाचे झाले की दुसऱ्याचे. पण दोन्ही बाजूंच्या हवेच्या वाटा सहसा एका लहान नळीने जोडलेल्या असतात. त्यामुळे एकीकडचा बदल दुसरीकडे पाझरतो, आणि पहिल्याकडे परत येऊन पाहावे लागते. दोन-तीन फेऱ्यांत दोघे स्थिरावतात. शेवटी जोडदांडा घट्ट करताना दोन्ही थ्रॉटल एकाच क्षणी उघडू लागतात ना, हे पाहतात.

आणखी एक कसोटी सरळ-सहातच नीट करता येते. एका त्रिकुटाची ठिणगी थोडा वेळ बंद केली तरी दुसरे त्रिकूट दर २४० अंशांनी समान फटके देत इंजिन फिरवत राहते. दोन्ही त्रिकुटे आळीपाळीने चालवून फेऱ्यांची संख्या मोजली की दुर्बळ बाजू लगेच कळते. मात्र बंद बाजूचे न जळलेले पेट्रोल धुराड्यात जाते, म्हणून ही कसोटी काही क्षणांचीच असते. धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक बसवलेल्या गाड्यांत तर ती करूच नये.

सरासरीचा सापळा

एवढा खटाटोप कशासाठी? पूर्ण इंजिनाचे मिश्रण एकदम मोजले तर चालणार नाही का? इथेच खरी गोम आहे.

समजा, पुढच्या त्रिकुटाचे हवा-पेट्रोल प्रमाण १३ आहे आणि मागच्याचे १६.८. दोघांना हवा सारखीच मिळते आहे. एक ग्रॅम हवेमागे पुढे १/१३ = ०.०७६९ ग्रॅम पेट्रोल जाते आणि मागे १/१६.८ = ०.०५९५ ग्रॅम. दोहोंची सरासरी ०.०६८२, म्हणजे एकूण प्रमाण जवळजवळ १४.७! कागदावर हे इंजिन आदर्श ठरते. प्रत्यक्षात पुढचे तीन सिलिंडर पेट्रोल फुकट घालवत आहेत. त्यांच्या प्लगवर काजळी धरते आहे आणि भिंतीवरचे तेल धुतले जात आहे. मागचे तीन भुकेलेले आहेत. भार पडला की अशा फिक्या मिश्रणावर झडपा आणि दट्टे जळण्याचा धोका असतो. ‘अ’ तुकडीचे सरासरी गुण ९० आणि ‘ब’ तुकडीचे ३० असताना शाळेचा निकाल ६० सांगावा, तसेच हे.

धुराड्याच्या टोकाला फक्त कार्बन मोनॉक्साइड मोजणारे यंत्रही असेच फसते. गडद बाजूच्या धुरात तो सुमारे ४ टक्के असेल आणि फिक्या बाजूच्या धुरात जवळजवळ शून्य. दोन्ही धूर मिसळले की यंत्र २ टक्के दाखवते, आणि कार्बोरेटरच्या काळात हा आकडा समाधानकारक मानला जाई. पण त्याच धुरातला ऑक्सिजनही मोजला तर बिंग फुटते. कार्बन मोनॉक्साइड हवेच्या अभावाची खूण, ऑक्सिजन हवेच्या अतिरेकाची. एकाच धुरात दोन्ही भरपूर सापडले, तर एका घरात उपासमार आणि दुसऱ्यात अजीर्ण आहे, हे निश्चित समजावे.

म्हणून जाणते मेकॅनिक पूर्ण इंजिनाला एक आकडा देण्यापूर्वी दोन त्रिकुटांना दोन आकडे देत. एक्सकेमध्ये धूर बाहेर नेणारे ओतीव भागही तीन-तीन सिलिंडरांचे दोन होते. तीन कार्बोरेटरांच्या ई-टाइपमध्ये मात्र पेच पडतो. धूर ३ + ३ असा बाहेर जातो, पण हवा २ + २ + २ अशी आत येते. मधला कार्बोरेटर तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरांना, म्हणजे दोन्ही त्रिकुटांतल्या एकेकाला, पोसतो. त्याचा दोष दोन्हीकडच्या धुरांत वाटला जातो. त्यामुळे धुरावरून गुन्हेगार शोधणे कठीण होते आणि कान व पिन यांच्याकडेच परतावे लागते.

धुराचा कायदा आणि कार्बोरेटरचा अस्त

अमेरिकेत १९६० च्या दशकात शहरांवरच्या धूसर हवेमुळे मोटारींच्या धुरावर कायदे आले. १९६८ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ई-टाइपवरचे तीन एसयू काढून दोन झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्बोरेटर बसवण्यात आले. शक्ती घटली, पण सहा सिलिंडरांची पुन्हा दोन त्रिकुटे झाली.

१९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने मर्यादा आणखी कडक केल्या. १९७६ मध्ये व्होल्वो कंपनीने कॅलिफोर्नियासाठीच्या गाड्यांत बॉश कंपनीचा ऑक्सिजन-संवेदक वापरला. झिर्कोनियाचा हा तुकडा धुरातल्या ऑक्सिजनप्रमाणे विद्युतदाब देतो, आणि इंजिनाचे नियंत्रण त्यावरून पेट्रोल कमीजास्त करते. मेकॅनिकच्या कानाची जागा या तुकड्याने घेतली. पेट्रोल प्रत्येक सिलिंडरच्या दाराशी मोजून फवारले जाऊ लागले. एक्सके इंजिन १९९२ पर्यंत बनत राहिले, पण तोवर नव्या मोटारींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला होता. आपल्याकडे दुचाकींत तो बराच काळ टिकला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाल्यावर बहुतेक नव्या दुचाकींतूनही तो गेला.

दोन त्रिकुटांची कल्पना मात्र गेली नाही. बीएमडब्ल्यू कंपनीच्या १९९८ नंतरच्या काही सरळ-सहा इंजिनांत पहिल्या तीन सिलिंडरांच्या धुरासाठी एक संवेदक आहे आणि पुढच्या तिघांसाठी दुसरा. सहाही सिलिंडर एकाच ओळीत असूनही दोष दाखवणारे यंत्र ‘बँक १’ आणि ‘बँक २’ असे वेगळे निदान देते. सरासरीवर विसंबू नये, हा मेकॅनिकांचा जुना नियम संगणकालाही पाळावा लागला.

वर्गात करून पाहण्यासाठी

फळ्यावर एक वर्तुळ काढा. पूर्ण वर्तुळ म्हणजे ७२० अंश असे माना आणि त्याचे सहा समान भाग करून १, ५, ३, ६, २, ४ हे आकडे क्रमाने मांडा. १-२-३ हे बिंदू जोडा, मग ४-५-६ जोडा. दोन समभुज त्रिकोण तयार होतील. चार सिलिंडरांसाठी १, ३, ४, २ मांडून १-२ आणि ३-४ जोडले तर काय दिसते? तीन कार्बोरेटरांसाठी १-२, ३-४, ५-६ अशा जोड्या केल्या, तर कोणत्या जोडीच्या पाळ्या समान अंतराने येतात आणि कोणत्यांच्या नाहीत?

वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांना दुसरा प्रश्न द्यावा. १३ आणि १६.८ यांची साधी सरासरी १४.९ येते, पण आपल्या हिशेबात १४.७ आले. हा फरक का पडला, आणि या दुसऱ्या सरासरीला गणितात काय नाव आहे? उत्तर शोधताना त्यांना पेट्रोलपेक्षा हवा धरून हिशेब का केला, हेही सांगावे लागेल.